सुट्या सेलवरील आकड्याला जामीन कोण?

आपल्या घरगुती बोलीत विजेरीलाच 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्या पोटातल्या विद्युत्घटाला 'सेल'. या सेलची भीती अशी गेल्या दोन-तीन पिढ्यांत कोणाला वाटली नाही. प्रकाश मंदावला की सेल काढून उन्हात ठेवायचे, कोणी ते उंबऱ्यावर आपटायचे, कोणी दाताखाली धरून चेपायचे आणि आणखी दोन रात्री निभावून न्यायच्या, हा आपल्या काटकसरीचाच एक भाग होता. जस्त-कार्बनचा तो साधा सेल हा सर्व छळ निमूटपणे सोशी. फार तर तो पाझरे आणि विजेरीची स्प्रिंग गंजवी. आज त्याच विजेरीत दिसायला तसाच, पण सर्वस्वी निराळ्या स्वभावाचा घट येऊन बसला आहे. जुन्या सवयींनी त्याच्याशी वागणे निरुपद्रवी राहिलेले नाही. आणि ज्या माहितीच्या आधारे त्याच्याशी नीट वागता यावे, ती माहितीच त्याच्या वेष्टनावर सर्रास खोटी छापली जात आहे.

हा नवा घट लिथियम-आयन जातीचा. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने तो प्रथम बाजारात आणला. त्यामागील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा सर्वांत रूढ आकार '१८६५०' या अंकांनी ओळखला जातो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, असा त्या अंकांचा अर्थ. जुन्या लॅपटॉपमध्ये तो आहे, पॉवर बँकेत आहे, विजेवर चालणाऱ्या अनेक वाहनांच्या संचात आहे आणि रात्रीच्या पाळीने पिकाला पाणी देणारा शेतकरी कपाळाला जो दिवा बांधतो त्यातही तो असतो.

अशाच एका विजेरीसाठी प्रस्तुत लेखकाने गेल्या वर्षी दोन सेल विकत घेतले. वेष्टनावर ठळक अक्षरांत ९९०० मिलिअँपिअर-तास एवढी क्षमता छापली होती. आता, या आकाराच्या घटात जगातील नामवंत उत्पादकांना साडेतीन हजारांच्या आसपासच मजल मारता आली आहे. संशय आला म्हणून सेल शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर ठेवला. या जातीच्या चांगल्या घटाचे वजन ४५ ग्रॅमच्या पुढे असते. हा भरला २७ ग्रॅम. एका विद्यार्थ्याने माहीत असलेला रोध जोडून, घड्याळ लावून त्याची खरी क्षमता मोजली, तर नऊशेसुद्धा भरेना. म्हणजे छापील आकडा अकरा पटींनी खोटा! दुकानदाराला विचारले, तर तो हसून म्हणाला, "साहेब, सगळ्यांवर तेच लिहिलेलं असतं." त्याच्या दृष्टीने ते उत्तर पुरेसे होते.

बाजारात मापात पाप असायचेच, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु येथे एक मूलभूत फरक आहे. तांदूळ मापात कमी भरला तर पोट जरा कमी भरते. घर पेटत नाही. लिथियम घटावरील आकडे हे त्याच्या गुणवत्तेची जाहिरात नसून त्याच्या सुरक्षिततेची मर्यादा सांगणारे आकडे असतात. घटातून सतत किती अँपिअर प्रवाह घेता येतो, हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा आकडा. तो बहुतेक स्वस्त सेलवर छापलेलाच नसतो आणि छापलेला असला तर विश्वास ठेवण्याजोगा नसतो.

*इतरांना बसलेले चटके*

या खोटेपणाची किंमत सर्वांत स्पष्टपणे मोजली गेली ती अमेरिकेत, आणि तीही एका व्यसनाच्या निमित्ताने. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ मध्ये आधुनिक ई-सिगारेट घडवली. तीत तंबाखू जळत नाही. विजेच्या वेटोळ्याने निकोटिनयुक्त द्रव तापवून त्याची वाफ ओढली जाते. पुढे अधिक वाफेच्या हौसेपायी या उपकरणांची शक्ती वाढत गेली आणि त्यांत १८६५० आकाराचे सुटे घट बसवण्याची पद्धत रूढ झाली. ग्राहक स्वतः सेल निवडू लागला, विकत घेऊ लागला, खिशात बाळगू लागला.

आपल्या शालेय पुस्तकातील ओहमचा नियम येथे आठवावा. पूर्ण भारित घटाचा दाब ४.२ व्होल्ट आणि वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम असेल, तर प्रवाह होतो २१ अँपिअर. सामान्य विजेरी यापुढे काहीच नव्हे. ती एक-दोन अँपिअरवर समाधानी असते. ज्या घटाची खरी सहनशक्ती १० अँपिअरची आहे आणि वेष्टनावर ४० लिहिलेले आहे, त्याच्याकडून २१ मागितले म्हणजे तो तापणारच. काही उपकरणांत तर प्रवाहावर लक्ष ठेवणारे कसलेही मंडल नव्हते. कळ दाबली की घट आणि वेटोळे थेट समोरासमोर.

परिणाम नोंदले गेले आहेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या आगी व स्फोट यांचे संकलन केले. अशा १९५ घटना आढळल्या आणि त्यांत १३३ जण जखमी झाले. सुमारे एक-तृतीयांश घटनांत उपकरण वापरात नव्हते. ते किंवा त्याचा सुटा सेल माणसाच्या खिशात होता. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटाने प्रत्येकी एकाचा जीव गेला.

खिशात काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. या घटाचे वरचे बोंड तेवढे धन. बाकीचा संपूर्ण धातूचा डबा ऋण. बोंडाभोवतीची डब्याची कडसुद्धा ऋणच. या दोहोंमध्ये वर एक विरोधक चकती आणि बाहेर पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन, एवढाच पडदा असतो. वेष्टन नखभर फाटले आणि खिशातली किल्ली किंवा नाणे त्या जागी टेकले की मंडल पूर्ण होते आणि शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो. एका सामान्य घटात साठलेली ऊर्जा सुमारे ३२ हजार ज्यूल असते. पन्नास किलोचे पोते ६५ मीटर उंच उचलण्यास एवढी ऊर्जा पुरते. ती काही क्षणांत उष्णता होऊन बाहेर आली तर काय होईल याची कल्पना करता येते.

आतली रचनाही जाणून घ्यावी. धन आणि ऋण थरांमध्ये केसाहून पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पापुद्रा असतो. सुमारे १३० अंश सेल्सिअसला तो वितळू लागतो. तो गेला की थर एकमेकांना भिडतात, उष्णता आणखी वाढते, वाढत्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेगवान होतात आणि मग ही साखळी बाहेरून थोपवणे फार कठीण होते. भोवतालचा द्रव हा ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावक असल्यामुळे पुढचे काम आग करते. चांगला उत्पादक डब्यात दाब मोकळा करणारी झडप आणि प्रवाह तोडणारी चकती बसवतो. २७ ग्रॅमच्या सेलमध्ये यांपैकी काय असेल, हे देव जाणे आणि बनवणारा जाणे.

अमेरिकेत या अनुभवातून तीन प्रकारची उत्तरे निघाली. काही हौशी जाणकारांनी बाजारातले सेल स्वतःच्या खर्चाने विकत घेतले, त्यांची मोजमापे केली आणि छापील आकडा व खरा आकडा शेजारी शेजारी मांडून प्रसिद्ध केले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने सुटे सेल डबीत ठेवा, जुने-नवे मिसळू नका, भलत्या चार्जरवर लावू नका, अशा सूचना दिल्या. काही मोठ्या उत्पादकांनी तर, आमचे सुटे सेल ई-सिगारेटसाठी नाहीत, असे जाहीरच केले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये तेथील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने स्पष्ट इशारा दिला की, १८६५० चे सुटे सेल ग्राहकांनी विकत घेऊ नयेत आणि वापरू नयेत. हे घट म्हणजे कारखान्यात संच बांधण्यासाठी बनवलेले भाग आहेत, किरकोळ विक्रीचा माल नव्हे. हा इशारा फक्त ई-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी नव्हता. विजेरी आणि खेळणी यांचाही त्यात उल्लेख होता.

*आपल्याकडील स्थिती*

भारतात ई-सिगारेटचा प्रश्न निराळ्या मार्गाने हाताळला गेला. सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ही बंदी आरोग्याच्या कारणाने झाली आणि तिची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. सांगायचे ते एवढेच की, उपकरणावर बंदी आली तरी त्याच्या पोटातला घट बंदीबाहेर आहे, आणि तो असायलाच हवा. कारण त्याशिवाय आपले आजचे जीवन चालणार नाही. मात्र त्यामुळे, 'आमच्याकडे ई-सिगारेट नाही, तेव्हा हा प्रश्नही नाही', अशी स्वतःची समजूत घालून घेता येत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील मोबाईल-दुरुस्तीच्या टपरीपर्यंत सुटे सेल आज सहज मिळतात. घरबसल्या मागवले तर दारात येतात. त्यांत चांगले आहेत, तसे जुन्या लॅपटॉपच्या संचातून सोडवून, नवे रंगीत वेष्टन चढवून पुन्हा विकलेलेही आहेत. वेष्टन चढवणे हे गरम हवेच्या झोताचे एका मिनिटाचे काम. त्यामुळे वेष्टनाचा रंग आणि त्यावरील नाव हा कसलाच पुरावा ठरत नाही.

नियम नाहीत असे मात्र नव्हे. अशा घटांसाठी भारतीय मानक आयएस १६०४६ लागू आहे आणि भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीची नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत मालावर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल-सुविधेवर कोणालाही पडताळता येते. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बाबतीत तर शासन अधिक जागे झाले. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली, देशात इतरत्रही तशा घटना घडल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून वाहनांच्या विद्युत्संचाचे निकष कडक करण्यात आले. स्कूटरच्या संचात अनेक घट असतात म्हणून त्याची काळजी. विजेरीत एकच असतो म्हणून तो दुर्लक्षित. पण जो एक घट मुलाच्या हातात असतो, त्याचे अंतर स्कूटरपेक्षा कितीतरी कमी असते!

*ग्राहकाने काय पाहावे?*

तोवर ग्राहकाने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, शक्य असेल तेथे सुटा सेल घेऊच नये. ज्यात घट आणि त्याचे संरक्षक मंडल एकत्र बसवलेले आहे अशी विजेरी किंवा पॉवर बँक नोंदणी-क्रमांक पाहून घ्यावी. घ्यावाच लागला, तर साडेतीन हजारांच्या फार पुढचा आकडा १८६५० वर दिसताच तो खाली ठेवावा. ९९०० हा आकडा लबाडीचीच कबुली समजावी. नुसते कंपनीचे नाव नव्हे, तर घटाचा नमुना-क्रमांक पाहावा आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकातील सततच्या प्रवाहाचा आकडा त्याच्याशी ताडावा. क्षणभराच्या प्रवाहाचा मोठा आकडा दाखवून भुलवले जाते, तिकडे लक्ष देऊ नये. क्षमता आणि प्रवाह या दोन्ही गोष्टी एकाच घटात कमाल मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरी घटते, हा या रसायनाचा धर्म आहे. वजन करून पाहावे. आणि पावती घ्यावी. पावतीवाचून पुढची कोणतीही तक्रार उभी राहत नाही.

घरी आणल्यावरची पथ्ये साधी आहेत. सुटा सेल खिशात, पिशवीत, खणात तसाच टाकू नये. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा. वेष्टन फाटलेला, चेपलेला, विनाकारण तापणारा किंवा वास येणारा सेल वापरातून काढावा. लिथियम घटासाठी बनवलेल्या आणि ४.२ व्होल्टला थांबणाऱ्या चार्जरवरच तो भारावा. रात्री अंथरुणावर लावून झोपू नये. दोन घट एकत्र चालत असतील तर ती जोडी जन्मभराची समजावी. एक नवा आणि एक जुना असा संसार करू नये. बहुतेक उत्पादक भारण करण्यासाठी ४५ अंशांची मर्यादा घालून देतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ती सहज ओलांडली जाते. त्यामुळे सेल उन्हात ठेवण्याची जुनी सवय तर कायमची सोडली पाहिजे. छोटे उपकरण पेटलेच, तर माणसांना दूर करून आणि विजेची जोडणी तोडून सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतावे. येथे घट थंड करणे महत्त्वाचे असते. आणि निकामी सेल घंटागाडीत टाकू नये. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनाकडे द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

परंतु एवढी यादी दिली म्हणजे लेखकाचे आणि शासनाचे कर्तव्य संपले, असे मानणे हा निव्वळ दांभिकपणा होईल. 'ग्राहकाने शहाणे व्हावे' हे वाक्य ऐकायला गोड असले तरी त्यात एक अन्याय दडलेला आहे. माहितीपत्रक शोधून वाचू शकणारा ग्राहक बहुधा चांगला सेल घेण्याइतका सुस्थितही असतो. खोट्या आकड्याचा माल जातो तो ज्याच्याकडे ना तेवढे पैसे, ना तेवढा अवधी, अशा माणसाकडे. रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला निघालेल्या शेतकऱ्याने वेष्टनावरील आकड्याचे भौतिकशास्त्र तपासावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

दुसऱ्या टोकाला, सुट्या सेलच्या विक्रीवर सरसकट बंदी घाला, असाही आग्रह धरला जाऊ शकतो. तोही पटण्यासारखा नाही. दुरुस्ती करून वस्तू चालवणे ही आपली गरज आहे आणि हजारो कारागिरांची ती भाकरी आहे. शिवाय बंदीने वस्तू दुकानाच्या फळीवरून हलते. व्यवहारातून हलतेच असे नाही.

मागणी त्याहून सोपी आणि नेमकी असावी. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घटावर उत्पादकाचे नाव, नमुना-क्रमांक, निर्मितीची तारीख, क्षमता आणि सततच्या प्रवाहाची मर्यादा छापलेली असावी. आणि जो आकडा त्या आकारात शक्यच नाही, तो छापलेला माल बंदरावरच अडवावा. घरपोच विक्री करणाऱ्या व्यापारपेठांनी, आम्ही केवळ मध्यस्थ, असे म्हणून हात झटकू नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीचे दायित्व उत्पादकाबरोबर विक्रेत्यावरही येऊ शकते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कारवाईसाठी २०२० पासून केंद्रीय प्राधिकरण आहे. हत्यार आहे, ते या क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूसाठी उचलले पाहिजे.

यात आपलाही वाटा आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करीत आहे. ग्राहकाने संघटित होऊन बाजाराला जाब विचारावा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. प्रत्येक जिल्ह्यात तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, विज्ञान महाविद्यालये आहेत. एक तराजू, काही रोध, एक मापक आणि एक घड्याळ यांवर होणारा हा प्रयोग विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली, आपल्या गावच्या बाजारातील सेल घेऊन करावा आणि निष्कर्ष फलकावर लावावेत. अमेरिकेतील हौशी मंडळींनी जे एकेकट्याने केले, ते आपल्याला संस्थांच्या बळावर करता येईल. एखादी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनीवर नोंदवण्यासही पैसे पडत नाहीत.

वाण्याचा काटा किलोमागे थोडा जरी खोटा निघाला तरी वैधमापन निरीक्षक त्याच्यावर खटला भरू शकतो आणि ते योग्यच आहे. मग अकरा पटींनी खोटा आकडा छापलेला सेल उघड्या फळीवर निर्धास्त कसा पडून राहतो? काट्यामागे शासनाचा शिक्का उभा असतो. सेलवरील आकड्यामागे आज कोणीच उभे नाही. तेथे कोणी तरी उभे राहिले पाहिजे. आणि ते एखादे घर जळण्यापूर्वी.